मास्टर्स रोइंग क्लब: नव्याने येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टर आणि श्रूजबरी या दोन गावांच्या मधे क्विन्सिगामंड तलाव आहे. सुमारे साडेसहा किलोमीटर लांब, उत्तर-दक्षिण पसरलेला आणि अरुंद. इथे रोइंगची परंपरा जुनी आहे. कॉलेजांची ईस्टर्न स्प्रिंट्स ही मानाची शर्यत अनेक वर्षं याच पाण्यावर होत आली आहे. या भागात आपली मराठी मंडळी बरीच राहतात. रूट ९ च्या पुलावरून गाडी नेताना खाली सकाळच्या बोटी दिसतात, आणि मग मंडळाच्या कार्यक्रमात किंवा देशी किराणा दुकानात कुणीतरी मला गाठून रोइंगबद्दल विचारतं. आमचा क्लब लहान आहे. मोजक्या बोटी, एक अर्धवेळ प्रशिक्षक, बाकी सगळं काम सभासदांचं. नव्या लोकांना शिकवायची जबाबदारी माझ्याकडे असते, म्हणून ही उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

मास्टर्स गटात कोण येतं?

वय वर्षं २७ पासून पुढे कुणीही. वर्ल्ड रोइंग या जागतिक संघटनेने वयाचे गट ठरवून दिले आहेत: २७ पासून ए, ३६ पासून बी, ४३ पासून सी, ५० पासून डी, ५५ पासून ई, ६० पासून एफ, ६५ पासून जी, ७० पासून एच, ७५ पासून आय, ८० पासून जे, आणि त्याच्याही पुढे गट आहेत. बोट कुठल्या गटात पडते हे वल्ही मारणाऱ्या सगळ्यांच्या वयाच्या सरासरीवर ठरतं. सुकाणू सांभाळणाऱ्या कॉक्सचं वय त्यात धरत नाहीत. त्यामुळे ४१ वर्षांची इंजिनियर आणि ६९ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका एका डबलमध्ये, म्हणजे दोघींच्या बोटीत, बसल्या, तर सरासरी ५५ येते आणि बोट ई गटात जाते. दोन पिढ्या एकाच बोटीत, एकाच पदकासाठी झटताना मी दुसऱ्या फारशा खेळांत पाहिल्या नाहीत.

माझं वय ४८. शाळेत पीटीच्या तासालाही कोपऱ्यात उभा असायचो. मला जमेल?

जमेल. आमच्या क्लबातले निम्म्याहून अधिक लोक चाळिशीनंतर पहिल्यांदा बोटीत बसले. लागतं काय, तर जमिनीवर उकिडवं बसता येणं, तिथून हाताचा आधार न घेता उठता येणं आणि सांगितलेलं ऐकण्याची तयारी. कॉलेजात क्रिकेट-कबड्डी गाजवलेल्या माणसाला सुरुवातीला उलट जास्त त्रास होतो, कारण तो जोर लावतो. रोइंगमध्ये पहिले दोन महिने जोर लावायचाच नसतो.

हृदयविकार, रक्तदाब, गुडघ्याची किंवा पाठीची शस्त्रक्रिया असं काही असेल तर डॉक्टरांशी बोलून या आणि आम्हालाही सांगा. लपवू नका. पाण्यात मधेच त्रास झाला तर आपला धक्का दोन किलोमीटर लांब असू शकतो.

पोहता यायलाच हवं का?

हो. यात सवलत नाही. आमच्याकडे पोहण्याची चाचणी होते: थोडं अंतर पोहून जायचं, दहा मिनिटं खोल पाण्यात तरंगायचं आणि पाण्यात असतानाच लाइफ जॅकेट चढवायचं. रोइंगच्या बोटीत वल्हवणारे सहसा जॅकेट घालत नाहीत, सोबतच्या मोटरबोटीत सगळ्यांपुरती जॅकेटं असतात. म्हणून ही चाचणी. पोहता येत नसेल तर हिवाळ्यात वायएमसीएमध्ये शिका आणि वसंतात या. असं करून आलेले लोक आज आमच्या बोटींत आहेत.

पहाटे सव्वापाचलाच का जायचं?

पाणी तेव्हा सपाट असतं. तलाव लांब आणि अरुंद असल्याने दक्षिणेचा वारा सुटला की तो सगळ्या लांबीवर लाटा उठवत येतो. शिवाय उन्हाळ्यात आठ-नऊनंतर स्पीडबोटी सुरू होतात. दुसरं कारण अगदी संसारी आहे: सात वाजता किनाऱ्याला लागलं की मुलांची शाळा आणि ऑफिस, दोन्ही गाठता येतं.

अंधारात बोटीच्या नाकावर लाल-हिरवा आणि मागे पांढरा दिवा लावतो. धुकं असेल आणि धक्क्यावरून पूल दिसत नसेल तर कुणीही पाण्यात उतरत नाही. वीज कडाडली तर शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

एखाद्या दिवशी नाही जमलं तर?

आदल्या रात्री कळवा. एवढं एक पाळलंत तर बाकीचं सगळं आम्ही शिकवू.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण असं. जिममध्ये तुम्ही गेला नाहीत तर नुकसान तुमचं. आठ जणांची बोट, जिला आम्ही नुसतं ‘एट’ म्हणतो, ती सात जणांनी चालत नाही. चार वल्ही डावीकडे, चार उजवीकडे असा तिचा तोल असतो. एक जण आला नाही की उरलेल्या सातांना आणि कॉक्सला धक्क्यावर उभं राहून ठरवावं लागतं की आता फोर, म्हणजे चौघांची बोट, काढायची, आणि मग उरलेल्यांचं काय करायचं. त्यातला कुणी रात्री दोनपर्यंत हॉस्पिटलची ड्यूटी करून आलेला असतो, कुणी पाऊण तास गाडी चालवून. आदल्या रात्री नऊपर्यंत कळलं तर प्रशिक्षक याद्या बदलतात, राखीव माणसाला फोन करतात, कुणाची पहाट वाया जात नाही. मुलाला ताप आला, झोप लागली नाही, भारतातून फोन आला आणि मन थाऱ्यावर नाही, कुठलंही कारण चालतं. कुणी खोदून विचारत नाही. फक्त कळवायचं.

जोरदार वल्हवणारे पण बेभरवशाचे लोक आमच्याकडे टिकले नाहीत. दम बेताचाच, पण पाच वाजून दहा मिनिटांनी दारात उभे, असे लोक टिकले आणि हळूहळू वेगवानही झाले. शर्यतीच्या बोटीत जागा देताना प्रशिक्षक ही गोष्ट पाहतात आणि त्यांनी पाहायलाच हवी असं माझं ठाम मत आहे.

शिकायला किती दिवस लागतात? नेमकं काय शिकायचं असतं?

बोटीत बसून पुढे जाता येईल इतकं सहा आठवड्यांत येतं. नीट यायला वर्षं जातात.

सीटला चाकं असतात आणि ती रुळावर सरकते. पाय बोटीला पक्क्या केलेल्या बुटांत असतात. तुम्ही पाठमोरे बसता, म्हणजे जिकडे जायचं ती दिशा तुमच्या मागे. पुढे सरकून गुडघे छातीपाशी आले, हात सरळ, की वल्ह्याचं पातं पाण्यात टेकवायचं, हा कॅच. मग पायांनी ढकलायचं. पाय सरळ होत आले की पाठ मागे झुकते आणि सर्वांत शेवटी हात हँडल पोटाशी आणतात. परत जाताना उलटा क्रम: आधी हात, मग पाठ, मग गुडघे. ताकदीचा मोठा वाटा पायांचा असतो. नवा माणूस हमखास हातांनी ओढतो, कारण ‘वल्हं मारणं’ म्हटलं की डोळ्यासमोर हातच येतात.

त्याहून अवघड आहे तो तोल. एटची रुंदी तुमच्या बसण्यापुरती आणि लांबी १७ मीटरच्या वर. एकाचं हँडल दोन बोटं खाली गेलं तरी बोट कलते आणि एका बाजूच्या चौघांची पाती परतताना पाण्यावर घासत येतात. बोट कलली की सगळे मनातल्या मनात दुसऱ्याला दोष देतात. ते थांबवून प्रत्येकाने आपल्या हाताची उंची पाहायची, हे शिकायला सर्वांत जास्त काळ लागतो.

सगळ्यांनी लय घ्यायची ती ‘स्ट्रोक’ सीटवर बसलेल्याकडून, म्हणजे कॉक्सच्या समोरच्याकडून. ढोल-ताशा पथकात वाजवलेल्यांना हे पटकन कळतं: टोल कुणाचा घ्यायचा हे ठरलेलं असतं आणि आपल्याला वेगळं काही सुचलं तरी ते वाजवायचं नसतं. पातं पाण्यात अडकून हँडल छातीवर आदळलं तर त्याला ‘क्रॅब’ म्हणतात. सगळ्यांना होतो. हँडल सोडून द्यायचं, मान खाली घालायची, कॉक्सचं ऐकायचं. ‘वे इनफ’ हा हुकूम आला की हातातलं काहीही असो, थांबायचं.

आणि मग एखाद्या सकाळी दहा-बारा स्ट्रोक असे जुळतात की आठही पाती एका क्षणी पाण्यात जातात, परतताना बोट सरळ उभी राहते आणि तळाखालून बुडबुडे धावल्याचा आवाज येतो. हा आवाज ऐकलेला माणूस पुढच्या मोसमात परत येतोच.

एक वल्हं की दोन?

दोन्ही प्रकार आहेत. एकेक लांब वल्हं घेऊन वल्हवणं म्हणजे स्वीप, दोन्ही हातांत एकेक आखूड वल्हं घेऊन वल्हवणं म्हणजे स्कलिंग. आम्ही सुरुवात चार जणांच्या स्कलिंगच्या बोटीत, म्हणजे क्वाडमध्ये करतो, कारण शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखं काम मिळतं. सिंगल, म्हणजे एकट्याची बोट, मात्र लगेच मागू नका. शर्यतीच्या सिंगलचं किमान वजन १४ किलो असतं, त्यावरून ती किती नाजूक असते याचा अंदाज घ्या.

मला वल्हवायचं नाही. पण यायचंय.

कॉक्स व्हा. लहान क्लबांत चांगल्या कॉक्सची कायम चणचण असते. बोट वळवणं, धक्क्याला लावणं, दारातून बाहेर काढताना रिगर (वल्हं टेकवायला बोटीच्या बाजूने बाहेर आलेला सांगाडा) चौकटीला लागू न देणं, शर्यतीत आठ थकलेल्या माणसांना नेमकं काय सांगायचं आणि केव्हा गप्प बसायचं, हे सगळं कॉक्सचं. आवाज शांत हवा. ओरडणारा कॉक्स नको असतो.

खर्च किती?

टेनिस किंवा गोल्फ क्लबच्या मानाने सोसणारा, पण फुकट नाही. वार्षिक वर्गणी, राष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व, आणि शर्यतींना गेलात तर प्रवेश फी आणि ट्रेलरचा वाटा. शिकाऊ वर्गाची फी वेगळी.

वर्गणी जाते कुठे असं विचारतात, तर बोटींत. कार्बन फायबरची नवी एट घ्यायची तर पन्नास हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. आम्ही कॉलेजांनी विकायला काढलेल्या जुन्या बोटी घेतो आणि जपतो. रोज पाण्यातून आल्यावर बोट पुसायची, सीटचे रूळ पुसायचे, बोल्ट तपासायचे. प्रत्येकाच्या पिशवीत सात-सोळांश इंचाचा पाना असतोच. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सगळे रिगर काढून, बोटी ट्रेलरवर चढवून, पट्ट्यांनी आवळून बांधायच्या असतात. या कामाला सगळ्यांनी यायचं असतं, डॉक्टर असा, प्रोफेसर असा, नाहीतर कंपनीचे व्हाइस प्रेसिडेंट. ज्यांना पैसे भरून फक्त वल्हवायचंय त्यांच्यासाठी आसपास मोठे क्लब आहेत. ते चांगलेच आहेत, पण लहान क्लब तसा चालत नाही.

हिवाळ्यात तलाव गोठल्यावर काय करता?

अर्गवर बसतो. अर्ग म्हणजे रोइंगचं यंत्र. शेजारच्या व्हरमाँट राज्यातल्या कॉन्सेप्ट टू कंपनीचं यंत्र जगभर प्रमाण मानलं जातं. हवेचा रोध कमीजास्त करणारी बाजूची खटकी दहावर नेऊन जोर काढू नका, तीन ते पाचच्या मधे ठेवा. दहाचा आकडा म्हणजे जास्त व्यायाम हा समज पाठ दुखवून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

अर्ग एकट्याने करणं फार कंटाळवाणं असतं, म्हणून आठवड्यातून दोनदा एकत्र जमतो. जानेवारीतल्या काळोख्या संध्याकाळी आठ यंत्रं एका लयीत चालतात, तेव्हाच पुढच्या मोसमाची बोट तयार होत असते.

थंड पाण्याची भीती वाटते.

वाटायला हवी. एप्रिलमध्ये हवा छान १८ अंशांवर असते आणि पाणी ६-७ अंशांवर. अशा पाण्यात अचानक पडलं की पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही आणि काही मिनिटांत हातांतलं बळ जातं, चांगलं पोहणाऱ्याचंही. म्हणून पाणी १० अंशांच्या खाली असताना आमच्याकडे एकट्याने सिंगल काढायला बंदी आहे आणि बाकीच्या बोटींसोबत मोटरबोट असतेच. बोट उलटली तर तिला सोडून किनाऱ्याकडे पोहायचं नाही. ती बुडत नाही. तिला धरून, शक्य तितकं अंग तिच्यावर चढवून थांबायचं. बुटांच्या टाचांना दोरी बांधलेली असते, त्यामुळे पाय ओढला की बूट तिथेच राहतो आणि पाय सुटतो. ती दोरी धड आहे का हे निघण्यापूर्वी स्वतः पाहायचं. दुसऱ्याने पाहिलं असेल असं धरून चालायचं नाही.

शर्यतीत उतरायलाच हवं का? मला फक्त फिट राहायचंय.

सक्ती नाही. पण पहिल्या वर्षात एक तरी शर्यत करा असा माझा आग्रह असतो. शर्यतीची तारीख ठरली की सराव बदलतो: त्याच चौघांनी किंवा आठांनी पुन्हा पुन्हा एकत्र बसायचं, एकमेकांच्या खोडी समजून घ्यायच्या. नुसत्या फिटनेससाठी येणारा माणूस ऑगस्टच्या उकाड्यात गळतो. ज्याची बोट ऑक्टोबरात उतरणार आहे तो गळत नाही, कारण सात जण त्याच्यावर अवलंबून असतात.

उन्हाळ्यातल्या मास्टर्स शर्यती १००० मीटरच्या. बोटी शेजारी-शेजारी उभ्या, एकदम सुटतात, साडेतीन-चार मिनिटांत सगळं संपतं. यूएसरोइंग या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेची मास्टर्स स्पर्धा २०१६ मध्ये आमच्याच तलावावर झाली होती. शरद ऋतूतल्या ‘हेड’ शर्यती लांब पल्ल्याच्या. बोटी एकामागून एक सोडतात आणि घड्याळावर निकाल लागतो. वेगवेगळ्या वयोगटांच्या बोटी एकाच शर्यतीत असतील तर वयस्क बोटीला वयानुसार काही सेकंदांची सूट मिळते. मागून रेषा ओलांडलेली पंचाहत्तरीची बोट यादीत तुमच्या वर दिसली तर चिडू नका. त्या सेकंदांवर त्यांचा हक्क आहे.

हेड ऑफ द चार्ल्सला आपला क्लब जातो का?

प्रवेश मिळेल त्या वर्षी जातो. १९६५ पासून चार्ल्स नदीवर, बॉस्टन आणि केंब्रिजच्या मधून ही शर्यत होते. ऑक्टोबरात, सुमारे ४.८ किलोमीटर. जगभरातून हजारो रोअर येतात आणि ऑलिंपिकमध्ये उतरलेले लोक ज्या पाण्यावर वल्हवतात त्याच पाण्यावर त्याच दोन-तीन दिवसांत आमच्यासारखेही वल्हवतात. अर्ज जागांपेक्षा फार जास्त येतात, म्हणून बऱ्याच गटांत सोडत असते.

नदी वळणांची आणि पुलांची आहे. वीक्स पुलापाशीचं वळण इतकं तीव्र आहे की एका बाजूच्या चौघांना अक्षरशः बोट ओढून वळवावी लागते आणि दुसऱ्या बाजूने हलकं मारायचं असतं. पुलावर माणसांची दाटी, त्यांचा आरडाओरडा, त्यात कॉक्सचा आवाज ऐकायचा. पुढे एलियट पुलापाशी पुन्हा मोठं वळण, आणि तोवर पाय संपलेले असतात. हद्द दाखवायला पाण्यावर सोडलेल्या बोयांच्या आत शिरलात तर वेळेत दंडाची भर पडते, आणि मागून येणाऱ्या वेगवान बोटीला वाट न देणं तर अक्षम्य.

दिवाळी-नवरात्र बरेचदा याच सुमारास येतं आणि घरोघरी यावरून कुरबूर होते. कॅलेंडर जानेवारीतच पाहून घरी सांगून ठेवा. आमच्याकडची कितीतरी कुटुंबं आता सकाळी नदीकाठी आणि संध्याकाळी फराळाला, असं जमवतात.

जागतिक स्पर्धाही आहे म्हणे. त्यासाठी निवड व्हावी लागते का?

निवड नाही. वर्ल्ड रोइंग मास्टर्स रेगाटा दरवर्षी वेगळ्या देशात होते आणि क्लबांना थेट नावं देता येतात. २०१९ मध्ये ती हंगेरीत वेलेन्सला झाली, २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, २०२४ मध्ये जर्मनीत ब्रांडेनबुर्गला. अंतर १००० मीटर. पुढच्या फेऱ्या नसतात. प्रत्येक हीट हीच अंतिम शर्यत आणि तिच्या विजेत्याला पदक. वेगवेगळ्या क्लबांचे लोक मिळून एक बोट उतरवू शकतात, मिश्र बोटींत निम्म्या बायका, निम्मे पुरुष. तिथे नव्वदीकडे झुकलेली माणसं सिंगलमध्ये बसून सुरुवातीच्या रेषेवर जातात, तेव्हा काठावरचे सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात.

हाताला फोड येतात का? पाठ दुखते का?

फोड येतात, मग घट्टे पडतात. हातमोजे घालू नका, वल्ह्याची जाणीव जाते. फोड स्वच्छ ठेवा, पट्टी लावा. पाठ दुखते ती बहुतेक वेळा कमरेतून वाकल्याने, वाकायचं असतं नितंबांपासून. बरगडीत टोचल्यासारखं दुखू लागलं आणि खोकताना कळ आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरकडे जा. रोइंगमध्ये बरगडीला बारीक तडा जाण्याची दुखापत ओळखीची आहे. ती अंगावर काढली तर अख्खा मोसम जातो.

चतुर्थीचा, एकादशीचा उपास असतो. शाकाहारी आहे. चालेल?

शाकाहाराने काहीच अडत नाही. उपासाच्या दिवशी हलका सराव असेल तर या, केळं किंवा खजूर खाऊन या. निर्जळी असेल तर त्या दिवशी येऊ नका आणि (पुन्हा तेच) आदल्या रात्री कळवा.

ते अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेच लागतात?

सैल शर्ट सीटच्या चाकांत किंवा हँडलखाली अडकतो, एवढाच मुद्दा. सरावाला लेगिंग्ज आणि अंगाबरोबरचा टी-शर्ट पुरे. ओढणी, सैल पायजमा, लोंबणारी साखळी नको. मंगळसूत्र आणि अंगठ्या घरी ठेवा, अंगठीवर फोड फार वाईट येतो. शर्यतीला सगळ्यांनी क्लबच्या रंगाचा शर्ट घालायचा. युनिसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख, ज्याला हवा त्याने घ्यावा.

पुण्याला परत गेलो तर हे सुटेल का?

सुटायलाच हवं असं नाही. पुण्यात रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासून आहे, सीओईपी या इंजिनियरिंग कॉलेजचा बोट क्लब आणि त्याची रेगाटा पुणेकरांना सांगायला नको, आणि लष्कराचं रोइंग केंद्रही पुण्यातच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर वल्हवायला शिकले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये १३ वे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत क्वाडचं सुवर्ण घेऊन आले. दुष्काळी भागातल्या, विहिरी खणणाऱ्या घरातला हा मुलगा. माझ्या शिकाऊ वर्गात दर वसंतात मी त्यांच्याबद्दल सांगते, मराठी कुणी असो वा नसो.

नुसतं बघायला येऊ का?

जरूर या. मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी सात वाजता बोटी परत येतात, तेव्हा या. जाड मोजे आणा, एक जोडी जास्तीची. उभं राहून बघू दिलं जाणार नाही, वल्ही आत न्यायला मदत करावी लागेल. पातं पुढे आणि नजरेसमोर धरून चालायचं, म्हणजे ते कुणाच्या डोक्याला किंवा दाराला लागत नाही. वळताना आधी मागे बघा.